बॅलन्स शाफ्ट काढल्यावर डिझेल इंजिनाची थरथर

धागालेखक – डिपस्टिक

नमस्कार. माझ्या गाडीत दोन लिटरचे, उभ्या (गाडीच्या लांबीच्या दिशेतल्या) बसवणीचे चार सिलिंडर डिझेल इंजिन आहे. त्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यात, क्रँकशाफ्टच्या खाली बॅलन्स शाफ्टची (इंजिनाची थरथर मारण्यासाठी फिरणाऱ्या दांड्यांची) जोडी असते आणि त्यांतल्याच एका शाफ्टच्या टोकाला ऑइल पंप जोडलेला असतो. शाफ्टची फिरकी पंपाकडे नेणारी एक षट्कोनी दांडी मध्ये आहे. ती बोटाएवढी लांब आणि पेन्सिलीएवढी जाड असते. ही रचना असलेल्या इंजिनांचे पुढे काय होते, हे इथल्या अनेकांना ठाऊक असेलच. माझेही तेच झाले. १,८६,००० किमीवर, चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला. मी तिथल्या तिथे इंजिन बंद केले म्हणून टर्बो आणि बेअरिंग वाचले. चेंबर उतरवल्यावर ती दांडी हातात घेतली, तर एका टोकाचे सहाही कोपरे झिजून ते टोक जवळजवळ गोल झाले होते आणि खाचेत घालून बोटांनी फिरवले तरी ते नुसतेच फिरत होते.

पुन्हा तीच रचना नको, म्हणून बॅलन्स शाफ्टचे अख्खे मॉड्यूल काढून टाकले आणि त्याच कुळातल्या १.९ लिटर इंजिनाचा, क्रँकशाफ्टवरून साखळीने चालणारा ऑइल पंप बसवून घेतला. त्या इंजिनात बॅलन्स शाफ्ट मुळातच नसतात. काम होऊन आता तीन आठवडे झाले आहेत. तक्रारी अशा आहेत: आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता साधारण ८२० आरपीएमला (मिनिटाला फेरे), स्टिअरिंग आणि आसन थरथरते. इंजिन बंद करताना पूर्वी नव्हता असा एक जोराचा हादरा बसतो. आणि २,३०० ते २,४०० आरपीएमच्या दरम्यान केबिनमध्ये कान दडपल्यासारखी घुमणारी गुरगुर येते, ती २,६०० ला पुन्हा कमी होते.

काम करणाऱ्याचे म्हणणे असे, की शाफ्ट काढले म्हणजे एवढे होणारच. मला प्रश्न असा आहे, की हे सगळे खरोखरच शाफ्ट नसल्यामुळे आहे का, की त्या नावाखाली दुसरेच काही खपवले जात आहे? नवे मॉड्यूल बसवून मागे फिरावे का, याचाही विचार चालू आहे.

प्रतिसाद – जुना पाना

थरथरीचे नंतर पाहू. आधी एक सांगा, नवा पंप बसवल्यावर तेलाचा दाब यांत्रिक गेज लावून मोजला का? डॅशबोर्डवरचा दिवा विझलेला आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. साधा प्रेशर स्विच दाब फारच खाली गेल्यावर दिवा लावतो, त्यामुळे दिवा नाही म्हणजे दाब पुरेसा आहे असे सिद्ध होत नाही. प्रेशर स्विच काढून त्याच भोकात गेज लावा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, आणि तेल ८० अंशांच्या आसपास असताना २,००० आरपीएमला किमान २ बार दाब मिळतो का ते पाहा. मिळत नसेल, तर मॉड्यूलला तेल पुरवणारे छिद्र उघडे राहिले आहे का, हा माझा पहिला संशय असेल. काही इंजिनांत बॅलन्स शाफ्टच्या बेअरिंगसाठी ब्लॉकमधून तेलाची वाट काढलेली असते. शाफ्ट काढले आणि ती वाट बुजवली नाही, तर पंपाने कमावलेला दाब तिथूनच चेंबरमध्ये गळत राहतो.

दुसरे असे, की मॉड्यूल चेंबरमध्ये बरीच जागा व्यापून असते. ते काढल्यावर तेवढेच तेल भरले, तर पातळी खाली दिसते. पुस्तकातल्या लिटरच्या आकड्यावर विसंबू नका. तेल डिपस्टिक पाहून भरा, आणि पंपासोबत डिपस्टिकची नळी किंवा चेंबर बदलले असेल तर डिपस्टिकही त्याच जोडीची आहे ना, याची खात्री करा.

प्रतिसाद – डिपस्टिक (धागालेखक)

धन्यवाद. गेज लावले नव्हते, हे कबूल करतो. काल लावून पाहिले. गरम इंजिनाला आयडलिंगवर १.३ बार आणि २,००० ला २.९ बार मिळाले. डिपस्टिकवर तेल खालच्या खुणेच्या जरा वर होते, त्यात भर घातली. म्हणजे जीव धोक्यात नाही. आता थरथरीकडे वळू या.

प्रतिसाद – द्विगुणित

यंत्रशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणून क्रँकच्या गतीने होणारे मुख्य बल आपोआप रद्द होते. परंतु पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरपा होत असल्याने पिस्टनची गती वरच्या अर्ध्या भागात जास्त आणि खालच्या अर्ध्या भागात कमी असते. वर थांबून परतणाऱ्या जोडीला खालच्या जोडीपेक्षा अधिक त्वरण लागते आणि हा फरक क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा येतो. चारही सिलिंडरांचे हे दुय्यम बल एकमेकांना मारत नाही, उलट त्याची बेरीज होते, आणि ते फक्त उभ्या दिशेत असते. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच त्यावरचा उपाय काढला: क्रँकच्या दुप्पट गतीने, परस्परविरुद्ध दिशांना फिरणारे दोन विकेंद्री शाफ्ट. दोन्हींचे आडवे बल एकमेकांत जिरते, उभे बल एकत्र येऊन पिस्टनच्या बलाला छेद देते. पुढे १९७० च्या दशकात मित्सुबिशीने दोन शाफ्ट वेगवेगळ्या उंचीवर ठेवून इंजिनाची आडवी डोलही काही प्रमाणात आवरली. त्यांच्या ‘सायलेंट शाफ्ट’चा परवाना पोर्शेने ९४४ साठी घेतला होता.

आता आकडे घेऊ. सरकणारे वस्तुमान, म्हणजे पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग, प्रत्येक सिलिंडरला एक किलो धरा. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९५.५ मिमी, रॉडची लांबी १४४ मिमी. या हिशोबाने दुय्यम बल ८०० आरपीएमला सुमारे ४५० न्यूटन येते, २,००० ला सुमारे २,८००, ३,००० ला सुमारे ६,३०० आणि ४,००० ला ११,००० च्या वर जाते. म्हणजे आयडलिंगला जेमतेम एका शाळकरी मुलाच्या वजनाएवढे असलेले बल ४,००० ला अकराशे किलो वजनाएवढे होते. आरपीएम पाच पट झाले की बल पंचवीस पट होते, कारण ते गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

यातून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. बॅलन्स शाफ्ट आयडलिंगला जवळजवळ बेकार बसलेले असतात. त्यांचे खरे काम २,००० च्या पुढे सुरू होते. त्यामुळे त्यांच्या जाण्याचा परिणाम आरपीएमबरोबर वाढत जाणारा असायला हवा. आयडलिंगला गाडी थरथरते आणि १,२०० ला शांत होते असे असेल, तर शाफ्टवर आळ घेणे अन्यायाचे ठरेल. आपल्या तीन तक्रारींपैकी फक्त तिसऱ्या तक्रारीत शाफ्टचा हात असू शकतो, असे माझे मत आहे.

प्रतिसाद – चौथा गिअर

एवढे गणित कशाला? क्रँकशाफ्ट, फ्लायव्हील आणि पिस्टन उतरवून एकदा नीट बॅलन्सिंग करून घ्या. पिस्टन ग्रॅमपर्यंत सारख्या वजनाचे केले की थरथर जाते, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद – द्विगुणित

आपला अनुभव खोटा आहे असे म्हणत नाही, पण तो वेगळ्या रोगावरचा आहे. क्रँक किंवा फ्लायव्हील असमतोल असेल, तर थरथर क्रँकच्या गतीने येते, आणि बॅलन्सिंगने ती जाते. इथे बल दुप्पट गतीने येते. क्रँकवरचे वजन क्रँकच्याच गतीने फिरते, ते दुप्पट गतीच्या बलाला कसे अडवणार? चारही पिस्टन अगदी एका वजनाचे केले, तरी दुय्यम बल जसेच्या तसे राहते, कारण ते वजनांच्या फरकातून आलेले नसून रॉडच्या तिरकेपणातून आलेले आहे. ते कमी करायचे तर पिस्टन हलका करावा लागेल किंवा रॉड लांब करावा लागेल, आणि चालत्या गाडीसाठी हे दोन्ही व्यवहार्य नाही.

प्रतिसाद – जुना पाना

वरच्या गणिताला माझा हातचा अनुभव जोडतो. मॉड्यूल काढण्यासाठी चेंबर उतरवावे लागते, चेंबर उतरवण्यासाठी खालची सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) खाली घ्यावी लागते, आणि तोपर्यंत अख्खे इंजिन वरून साखळीने टांगलेले असते. या सगळ्यात इंजिनाची फाउंडेशन्स, म्हणजे माउंटिंग, ताणली जातात. हायड्रॉलिक माउंटिंगच्या पोटात रबराच्या आड द्रव भरलेला असतो. ८–१० वर्षे जुने रबर अशा ताणात फाटले, की द्रव गळून जातो आणि उरते ते नुसते रबर. अशी गाडी आयडलिंगला थरथरणार, यात आश्चर्य काही नाही.

याहून अधिक वेळा दिसणारी चूक अशी, की इंजिन अजून जॅकवर तिरपे असतानाच माउंटिंगचे बोल्ट आवळले जातात. मग इंजिन खाली बसले तरी रबर एका बाजूला पिळलेले राहते. योग्य पद्धत अशी: गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करा, सर्व माउंटिंगचे बोल्ट अर्धा फेरा सैल करा, इंजिन हाताने पुढेमागे व डावीउजवीकडे हलवून त्याला आपली जागा घेऊ द्या, आणि मगच टॉर्क रेंचने आवळा. जे बोल्ट ताणून बसवायचे असतात ते नवेच वापरा. काही डिझेल गाड्यांत माउंटिंगला व्हॅक्यूमची नळी असते, ती आयडलिंगला माउंटिंग मऊ ठेवते. सबफ्रेम खाली घेताना ती नळी निघाली आणि परत लावायची राहिली, असे मी स्वतः तीन गाड्यांत पाहिले आहे. तुमच्या गाडीत ती नळी असेल तर आधी तिथे हात घाला.

आणखी एक प्रश्न, फ्लायव्हीलही बदलले आहे का? कारण बरेच लोक गिअरबॉक्स उतरला आहेच म्हणून डबल मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंग असलेले, दोन भागांचे) काढून अखंड फ्लायव्हील टाकतात आणि नंतर गिअरबॉक्सच्या खडखडाटाचे खापर बॅलन्स शाफ्टवर फोडतात.

प्रतिसाद – डिपस्टिक (धागालेखक)

फ्लायव्हील आणि क्लचला हात लावलेला नाही, मूळचेच आहेत. काल रात्री टॉर्च घेऊन वाकून पाहिले, तेव्हा उजव्या माउंटिंगच्या खालच्या कपाभोवती तेलकट काळे ओघळ दिसले. ते इंजिनाचे तेल नसावे असे वाटते, कारण बोटाला ते पाण्यासारखे पातळ लागते आणि त्याला वास निराळाच आहे. व्हॅक्यूमची नळी माझ्या गाडीत आहे आणि ती जागेवर आहे.

प्रतिसाद – जुना पाना

उजवे माउंटिंग गेले. नवे टाकताना डावेही टाका. नवे आणि जुने एकत्र राहिले, की इंजिन एका बाजूला झुकते.

प्रतिसाद – मोजमाप

माउंटिंग बदलायच्या आधी थांबा, मोजणी करून घ्या, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. फोनमध्ये त्वरणमापक असतो आणि त्याच्या नोंदीचा वारंवारता-आलेख काढणारी साधी ॲप्स मिळतात. फोन आसनाच्या लोखंडी रुळावर घट्ट चिकटवा, हातात धरू नका. इंजिन गरम, एसी बंद, गाडी न्यूट्रलमध्ये.

८२० आरपीएम म्हणजे सेकंदाला १३.७ फेरे. आलेखात तीन ठिकाणी शिखर शोधायचे: क्रँकच्या निम्म्या गतीला ६.८ हर्ट्झ, गतीइतके १३.७ हर्ट्झ आणि दुप्पट गतीला २७.३ हर्ट्झ. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणून निम्म्या गतीचे शिखर मोठे असेल तर एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा कमी किंवा जास्त काम करतो आहे. गतीइतके शिखर असेल तर फ्लायव्हील, क्लच किंवा पुढच्या पुलीचा असमतोल. दुप्पट गतीचे शिखर असेल, तर मात्र सावध राहा. दुय्यम बल त्याच जागी दिसते आणि चार सिलिंडरच्या ज्वलनाचे ठोकेही त्याच जागी दिसतात, कारण प्रत्येक फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात. नुसत्या आलेखावरून या दोघांत फरक करता येत नाही. द्विगुणित यांनी सांगितलेला आरपीएमबरोबर वाढण्याचा निकष तिथे उपयोगी पडेल.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. पुष्कळ फोन सेकंदाला शंभरच नोंदी घेतात, तेव्हा ५० हर्ट्झच्या वरचे काहीही खरे समजू नका. आयडलिंगसाठी हे पुरेसे आहे, २,४०० साठी नाही.

प्रतिसाद – डिपस्टिक (धागालेखक)

मोजले. आयडलिंगला २७ हर्ट्झला मोठे शिखर आहे, ते अपेक्षितच होते. पण ७ हर्ट्झलाही जवळजवळ निम्म्या उंचीचे आहे, आणि १३.७ ला काही नाही. ७ हर्ट्झचे शिखर दिसल्यावर स्कॅनर लावून प्रत्येक सिलिंडरची इंधन-दुरुस्ती वाचली. पहिला, दुसरा आणि चौथा हे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत आहेत, तिसरा मात्र +१.९ मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक. म्हणजे ईसीयू (इंजिनाचा संगणक) तिसऱ्या सिलिंडरला जास्त डिझेल देऊन त्याला बाकीच्यांच्या रांगेत आणायचा प्रयत्न करते आहे.

विचार करता आठवले, की काम करण्याच्या आधीही थंड इंजिनाला पहिली दोन मिनिटे जरा खडबडीत आयडलिंग होते. तेव्हा त्याकडे दुर्लक्ष केले. शाफ्ट काढल्यावर मी कान आणि पार्श्वभाग दोन्ही टवकारून बसलो, आणि जुने दुखणे नवे वाटू लागले, असे तर नाही ना?

प्रतिसाद – द्विगुणित

नेमके असेच असावे. शिवाय माउंटिंगवर टांगलेल्या इंजिनाची स्वतःची डोल साधारण ५ ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यात असते. ७ हर्ट्झचा ठोका बरोबर तिथे पडतो आणि वाढून आसनापर्यंत पोहोचतो. छोट्याशा असमान ज्वलनाचा एवढा त्रास होतो, याचे कारण हेच.

प्रतिसाद – तीन पायांची शर्यत

थोडे अवांतर होईल, क्षमस्व. माझी गाडी तीन सिलिंडरची डिझेल आहे आणि तिच्यातही एक बॅलन्स शाफ्ट आहे. तो काढला तर चालेल का?

प्रतिसाद – द्विगुणित

काढू नका. तीन सिलिंडरच्या इंजिनात तो शाफ्ट क्रँकच्याच गतीने उलट दिशेला फिरतो आणि इंजिनाची पुढची व मागची टोके आळीपाळीने वरखाली होणे आवरतो. तिथला रोग पहिल्या क्रमाचा, म्हणजे क्रँकच्याच गतीने येणारा आहे, तो कमी आरपीएमलाही जाणवतो. चार सिलिंडरचा कोणताही अनुभव तिथे लागू पडत नाही.

प्रतिसाद – कंपनी सेटिंग

इतका वेळ वाचत होतो. मला मुळात शाफ्ट काढण्याचा निर्णयच पटलेला नाही. नादुरुस्त झाली ती षट्कोनी दांडी, आणि शिक्षा झाली बॅलन्स शाफ्टला. लांब केलेली सुधारित दांडी, किंवा खाचेसह दुरुस्त केलेले मॉड्यूल बसवून हेच इंजिन पुढे लाखभर किलोमीटर शांतपणे चालते. अभियंत्यांनी जे शाफ्ट घातले, ते केवळ सुखासाठी घातलेले नाहीत. हजारो न्यूटनचे बल आता प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक नळी, वायरिंगचा प्रत्येक जोड सोसणार आहे.

प्रतिसाद – जुना पाना

तुमचा शेवटचा मुद्दा अर्धा मान्य. पण त्याच कुळातले १.९ लिटरचे इंजिन, ज्याचा स्ट्रोक तेवढाच, ९५.५ मिमी आहे, ते कोणत्याही बॅलन्स शाफ्टविना लाखो किलोमीटर चालले आहे. त्याचे क्रँक, बेअरिंग किंवा ब्लॉक दुय्यम बलाने मोडले नाहीत. फरक एवढाच, की त्या इंजिनाभोवतीची ब्रॅकेट आणि नळ्यांचे आधार ती थरथर गृहीत धरून केलेले असतात, इथे ते तसे असतीलच असे नाही. म्हणून शाफ्ट काढल्यावर १,००० किमीनंतर एकदा टर्बोच्या तेलाच्या नळीचे आधार, ईजीआर कूलरचे (इंजिनात परत नेलेला धूर थंड करणाऱ्या भागाचे) ब्रॅकेट आणि अल्टरनेटरचे बोल्ट तपासावेत, हे मी प्रत्येकाला सांगतो.

दुरुस्त मॉड्यूलबद्दलही एक सांगतो. ते बसवताना शाफ्टचे टायमिंग चुकले, तर न बसवलेले बरे.

प्रतिसाद – द्विगुणित

याचे गणित मोठे मजेशीर आहे. शाफ्टचा कोन ६० अंशांनी चुकला, म्हणजे क्रँकवर अवघा ३० अंशांचा फरक, तर उरलेले बल शाफ्ट अजिबात नसल्याइतकेच होते. त्याहून जास्त चुकला तर परिस्थिती शाफ्ट नसण्यापेक्षा वाईट, आणि १८० अंशांनी चुकला तर बल दुप्पट. आणि दोनपैकी एकच शाफ्ट काढला, तर उभे बल निम्मे उरते, पण पूर्वी नव्हते असे आडवे बल तेवढेच निर्माण होते. ‘एक काढू, एक ठेवू’ असा तडजोडीचा मार्ग इथे नाही.

प्रतिसाद – डिपस्टिक (धागालेखक)

कंपनी सेटिंग यांचा आक्षेप मला मान्य आहे. आज पुन्हा निर्णय घ्यायचा असता, तर दुरुस्त मॉड्यूलचा विचार अधिक गंभीरपणे केला असता. पण आता हातात आहे ते नीट करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

बंद करतानाच्या हादऱ्याचा उलगडा त्यामानाने फार सहज झाला. इनटेकच्या तोंडाशी एक झडप असते. इंजिन बंद करताना ती मिटून हवा अडवते, त्यामुळे सिलिंडरांत दाबायला फारशी हवा उरत नाही आणि इंजिन हलकेच थांबते. माझ्या गाडीत ती काजळीने अर्धवट अडकली होती. चावी बंद करताना बॉनेट उघडून एकाला पाहायला उभे केले, तर झडपेचा दांडा जागचा हललाच नाही. साफ केल्यावर हादरा गेला. याचा बॅलन्स शाफ्टशी काडीचाही संबंध नव्हता.

प्रतिसाद – मोजमाप

आता उरली ती २,३५० ची गुरगुर. एक सोपी चाचणी करा. त्याच आरपीएमला गाडी धरून ठेवा आणि मागच्या दाराची काच चार बोटे खाली करा. आवाजाचे काय होते ते लिहा. त्यानंतर गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये त्याच आरपीएमला आवाज येतो का, तेही पाहा.

प्रतिसाद – डिपस्टिक (धागालेखक)

काच उघडताच गुरगुर जवळपास अर्ध्यावर आली. न्यूट्रलमध्येही आवाज येतो, पण कमी. मागच्या आसनावर, मागच्या काचेजवळ डोके नेले की सर्वांत जास्त, आणि पुढच्या व मागच्या आसनांच्या मधोमध जवळजवळ नाही.

प्रतिसाद – द्विगुणित

म्हणजे केबिनमधली हवाच घुमते आहे. केबिनची आतली लांबी साधारण २.२ मीटर धरली, तर तिच्यातल्या हवेचा पहिला अनुनाद ७८ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि २,३५० आरपीएमला इंजिनाचा दुप्पट गतीचा ठोका बरोबर ७८ हर्ट्झ होतो. दोन्ही टोकांना आवाज मोठा आणि मध्ये शांत, हे त्या अनुनादाचे लक्षणच आहे. हे बल आता कायमचे राहणार. प्रश्न फक्त ते केबिनपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हा आहे. ती वाट शोधा.

प्रतिसाद – जुना पाना

वाट बहुतेक सायलेन्सरची असेल. गाडी लिफ्टवर घेऊन पुढच्या पाइपचा लवचीक भाग, त्याच्या मागचे ब्रॅकेट आणि रबरी लटकण्या पाहा. सबफ्रेम बसवताना पाइप एका बाजूला ओढला गेला असेल, तर लवचीक भाग ताणून काठीसारखा कडक होतो आणि सगळी थरथर थेट तळाच्या पत्र्यात उतरते. क्लॅम्प सैल करून पाइप ताण न देता बसू द्या. एसीच्या आणि पॉवर स्टिअरिंगच्या नळ्या कुठे बॉडीला टेकल्या आहेत का, तेही बोट फिरवून पाहा. आणि कृपा करून कोणाच्या सांगण्यावरून पॉलियुरेथेनची कडक माउंटिंग टाकू नका.

प्रतिसाद – चौथा गिअर

आयडलिंग ८२० चे ९०० केले तर? माझ्या गाडीत त्याने स्टिअरिंगची थरथर गेली होती.

प्रतिसाद – मोजमाप

जाऊही शकते आणि वाढूही शकते. स्टिअरिंगच्या खांबाची स्वतःची वारंवारता पुष्कळ गाड्यांत २५ ते ४० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी असते. ८२० ला ठोका २७ हर्ट्झ, ९०० ला ३०. आपण शिखरापासून दूर चाललो आहोत की त्याच्याकडे, हे आधी कळत नाही. न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर किंचित दाबून ९०० ला स्थिर ठेवून पाहा. बरे वाटले तरच ईसीयूमध्ये बदल करा. पण माउंटिंग आणि तिसरा इंजेक्टर (तिसऱ्या सिलिंडरात डिझेल फवारणारा भाग) सुधारल्याशिवाय हे करू नये, नाहीतर दोष झाकला जाईल.

प्रतिसाद – डिपस्टिक (धागालेखक)

पाच आठवड्यांनी परत लिहितो आहे. सगळे एकदम केले नाही, एकेक करत मोजत गेलो.

प्रथम दोन्ही माउंटिंग नवी टाकली आणि जुना पाना यांनी सांगितल्याप्रमाणे गाडी चाकांवर उभी असताना आवळली. बोल्ट सैल करताच इंजिन डावीकडे जवळजवळ बोटाच्या पेराएवढे सरकले, म्हणजे इतके दिवस ते पिळलेलेच होते. जुने उजवे माउंटिंग उलटे धरले, तर त्यातून चमचाभरसुद्धा द्रव आला नाही. यानंतर २७ हर्ट्झचे शिखर निम्म्याहून कमी झाले, ७ चे मात्र तसेच होते.

मग तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर काढून त्याचे तांब्याचे वॉशर आणि रबरी सील बदलले. जुन्या वॉशरच्या एका बाजूला काजळीची काळी रेघ होती, म्हणजे ज्वलनाचा वायू तिथून निसटत होता. दुरुस्तीचा आकडा +१.९ वरून +०.६ वर आला आणि ७ हर्ट्झचे शिखर आलेखात शोधावे लागेल इतके लहान झाले. आता आयडलिंगला स्टिअरिंगवर बोट ठेवले तर इंजिन चालू असल्याचे कळते, एवढेच. आयडलिंग वाढवण्याची गरज पडली नाही.

सायलेन्सरचा पाइप खरोखरच उजवीकडे ओढलेला होता, आणि त्याचे एक ब्रॅकेट गिअरबॉक्सच्या आधाराला टेकून तिथे घासून चकाकले होते. ते सरळ केल्यावर २,३५० ची गुरगुर बरीच उतरली, पण गेली नाही. ३,००० च्या पुढे ॲक्सिलरेटरच्या पॅडलमध्ये बारीक मुंग्या येतात आणि आतला आरसा जरा धूसर होतो. हे पूर्वी नव्हते, आणि हेच काय ते शाफ्ट नसल्याचे. पाचव्या गिअरमध्ये २,३५० वर रेंगाळण्याऐवजी सहावा टाकून २,००० च्या खाली राहतो, तेव्हा ते आठवतही नाही.

कालच १,१०० किमी पूर्ण झाले, म्हणून बोल्ट तपासले. टर्बोच्या तेलाच्या नळीच्या आधाराचा एक बोल्ट हाताने फिरला, बाकी सर्व घट्ट आहेत. तो लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावून पुन्हा आवळला आहे. ५,००० ला परत पाहीन आणि इथेच लिहीन.

प्रतिसाद – जुना पाना

त्या नळीच्या वरच्या टोकाच्या बँजो बोल्टचे (ज्यातून तेल जाते त्या पोकळ बोल्टचे) वॉशरही तेव्हा बघून घ्या. आधार सैल असताना सगळा भार त्याच जोडावर आलेला असतो.